सीएनजी ट्रकची थ्रॉटल बॉडी मोठी केल्याने ओढ वाढते का?

कळंबोलीच्या एका वाहतूक व्यावसायिकांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे ३.८ लिटरच्या, टर्बो नसलेल्या सीएनजी इंजिनाचा ट्रक आहे. तळोजा एमआयडीसीतून तो भिवंडीच्या गोदामांत माल पोहोचवतो आणि अधूनमधून घोडबंदरमार्गे वसईकडे जातो. गेल्या काही महिन्यांपासून मुंब्रा बायपासच्या चढावर आणि गायमुख घाटात भरलेली गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. एका ओळखीच्या कारागिराने थ्रॉटल बॉडी (आत फिरणाऱ्या पाकळीने इंजिनाची हवा कमी-जास्त करणारी नळी) लेथवर बोअर करून तिचा व्यास ५० मिलिमीटरवरून ६० करून देण्याची तयारी दाखवली आहे आणि त्यामुळे इंजिनाला हवा मोकळी मिळेल, असे सांगितले आहे. त्यांच्या दुसऱ्या, बीएस-६ (प्रदूषण मानकाच्या) डिझेल ट्रकवरही हेच काम करून घ्यावे का, असेही त्यांनी विचारले आहे.

नवी मुंबईत व्यावसायिक वाहनांच्या इंजिनांचे काम करताना हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे, म्हणून उत्तर आधीच स्पष्टपणे देतो. सीएनजी ट्रकच्या थ्रॉटल बॉडीला लेथ लावू नका. पैसे जातील, इंजिनाचे संतुलन बिघडेल आणि चढावर गाडी जिथे दमते तिथेच दमत राहील. डिझेल ट्रकमध्ये तर ज्या भागाला आपण थ्रॉटल म्हणत आहात त्याचे काम मुळातच निराळे आहे, त्याबद्दल पुढे लिहितो. मात्र आपली मूळ तक्रार खरी आहे आणि तिचा संबंध हवेशी असण्याची शक्यताही मोठी आहे. प्रश्न एवढाच आहे की हवा नेमकी कुठे अडते आहे.

सुरुवात गणिताने करू. चार स्ट्रोकचे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाइतकी हवा आत घेते. ३.८ लिटरचे इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर पूर्ण ताकदीने चालत असेल आणि सिलिंडर साधारण ८५ टक्के भरत असतील, तर ते सेकंदाला सुमारे ६७ लिटर हवा ओढते. ५० मिलिमीटरच्या बोअरमध्ये पाकळीची आडवी जाणारी ८ मिलिमीटरची दांडी आपली जागा अडवते, ती वजा केल्यावर हवेला सुमारे साडेपंधरा चौरस सेंटिमीटर वाट उरते आणि त्या वाटेत हवेचा वेग सेकंदाला ४३ मीटरच्या आसपास जातो. या वेगाची सगळी ऊर्जा वाया गेली असे कठोरपणे धरले, तरी दाबातील घट सुमारे १.१ किलोपास्कल होते. बोअर ६० मिलिमीटर केला की हाच आकडा अर्ध्या किलोपास्कलपर्यंत उतरतो. म्हणजे एवढा खटाटोप करून आपल्याला मिळाले ०.६ किलोपास्कल, आणि नवी मुंबईत समुद्रसपाटीजवळ वातावरणाचा दाब सुमारे १०० किलोपास्कल असतो. इंजिनात जाणारी हवा जास्तीत जास्त अर्धा-पाऊण टक्क्याने वाढेल. ८५ अश्वशक्तीच्या इंजिनात ही वाढ अर्ध्या अश्वशक्तीच्या आसपास भरते, आणि भरलेल्या ट्रकच्या चालकाला ती चढावर जाणवणे शक्य नाही.

शिवाय सीएनजी इंजिनाला एक नैसर्गिक मर्यादा आहे. वायूरूप इंधन मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, हवेबरोबर जागा घेते. नैसर्गिक वायू पूर्ण जळण्यासाठी एका भागाला आकारमानाने सुमारे साडेनऊ भाग हवा लागते, त्यामुळे सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या मिश्रणाचा जवळजवळ दहावा हिस्सा वायूनेच व्यापलेला असतो. कारखान्यातील अभियंत्यांनी ही तूट गृहीत धरूनच कॅमशाफ्ट, कॉम्प्रेशन आणि इग्निशन ठरवलेले असते.

मग मोठी थ्रॉटल बॉडी बसवलेल्या गाड्या जोरात पळतात असे चालक शपथेवर का सांगतात? ते खोटे बोलत नाहीत. थ्रॉटलची गोल पाकळी दांडीभोवती फिरते आणि अर्धवट उघडलेल्या स्थितीत तिच्या कडेने चंद्रकोरीसारखी फट तयार होते. बोअर ५० वरून ६० केला की त्याच कोनात ही फट ४४ टक्क्यांनी मोठी होते. ज्या गाड्यांत पेडलचा कोन आणि पाकळीचा कोन जवळजवळ सरळ जोडलेले असतात, तिथे पाव पेडल दाबल्यावर पूर्वीपेक्षा बरीच जास्त हवा आत जाते आणि गाडी झटकन पुढे सरकते. चालकाला पिकअप वाढल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्याला पूर्वी जास्त पेडल दाबल्यावर मिळणारी ताकद आता पाव पेडलवर मिळू लागते, आणि पेडल पूर्ण दाबल्यावरची ताकद जवळजवळ तितकीच राहते. गायमुख घाटात चालकाचा पाय आधीच तळाशी टेकलेला असतो, तिथे या बदलाचा काहीही लाभ नाही. उलट ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या रहदारीत, जिथे गाडी दहा-वीस फूट सरकवून थांबवावी लागते, तिथे पेडल हाताळणे अवघड होते, क्लच लवकर झिजतो आणि गॅसही जास्त जातो.

इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून हा विचार आला, असे आपण लिहिले आहे. त्यांतील वाहने बहुधा पेट्रोलवर चालणारे अमेरिकी पिकअप असतात. त्यांची पाच-सहा लिटरची व्ही-८ इंजिने मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांपर्यंत जातात आणि सेकंदाला २०० लिटरहून अधिक हवा घेतात. हवेचा वेग तिप्पट झाला की दाबातील घट नऊपट होते. त्यातच कॅमशाफ्ट, हेड, एक्झॉस्ट बदललेले असतील तर मूळ थ्रॉटल खरोखरच अपुरी पडू शकते. अडीच हजार फेऱ्यांवर थांबणाऱ्या आपल्या मालवाहू इंजिनाला ते गणित लागू होत नाही.

लेथवर नेमके काय बिघडते, हेही सांगतो, कारण थ्रॉटल बॉडी वरवर साध्या ॲल्युमिनियमच्या नळीसारखी दिसते. तिची पाकळी अगदी गोल नसते. बंद स्थितीत ती काही अंश तिरकी टेकते, म्हणून तिची कड त्या कोनाला अनुसरून घासलेली असते. बोअरची भिंत आणि पाकळी यांच्यामधली फट इतकी बारीक असते की अनेक कारखान्यांत तिथे एक काळसर लेप देतात, जो फट भरून काढतो आणि पाकळी चिकटूही देत नाही. लेथवर हा लेप पहिल्याच कापात निघून जातो. नवी पाकळी हाताने कापून बसवली की एका बाजूने गळती राहते आणि आयडलिंगला हवी त्यापेक्षा जास्त हवा आत जाते. ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) पाकळी आणखी बंद करू पाहतो, मर्यादा गाठतो, आणि मग आरपीएम वरखाली होऊ लागतात. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये पाकळीची जागा सांगणारे दोन सेन्सर असतात आणि ईसीयू त्यांचे आकडे सतत एकमेकांशी ताडून पाहतो. त्यांत तफावत दिसली किंवा पाकळी आदेशाप्रमाणे फिरली नाही, तर गाडी लिम्प मोडमध्ये जाते, म्हणजे ईसीयू बचावासाठी ताकद मुद्दाम कमी करतो. भरलेली गाडी मुंब्रा बायपासच्या चढावर लिम्प मोडमध्ये गेली तर मागची रांग किती लांबते, हे आपल्याला सांगायला नको.

आता खऱ्या कारणांकडे येतो. कोणताही भाग बदलण्यापूर्वी मोजमाप करावे, हा माझा आग्रह आहे, आणि या मोजमापासाठी महागडे यंत्र लागत नाही.

अडीच मीटर पारदर्शक प्लास्टिकची नळी घ्या, तिला इंग्रजी यू अक्षरासारखी वळवून प्लायवूडच्या पट्टीवर बांधा आणि तिच्यात अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा. शेजारी मिलिमीटरची पट्टी चिकटवा. एक टोक एअर फिल्टरनंतरच्या पाइपावर, जिथे फिल्टर इंडिकेटर बसतो त्या छिद्राला जोडा आणि दुसरे टोक मोकळे ठेवा. मग गाडी माल भरून चढावर न्या. शेजारी बसलेल्या माणसाने पूर्ण पेडलवर दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक टिपावा. १०२ मिलिमीटर पाणी म्हणजे एक किलोपास्कल. अवजड वाहनांच्या फिल्टरवरचा इंडिकेटर सहसा ६३५ मिलिमीटरच्या, म्हणजे सुमारे सव्वासहा किलोपास्कलच्या आसपास लाल होतो, आणि टर्बो नसलेल्या इंजिनांसाठी मर्यादा अनेकदा त्याहून खाली ठेवलेली असते. थ्रॉटल मोठी करून वाचणारी घट पाण्याच्या भाषेत जेमतेम साठ मिलिमीटर होती, हे लक्षात घेतले की एका तुंबलेल्या फिल्टरची किंमत कळते. एक सावधगिरी मात्र कटाक्षाने पाळा. ही नळी थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डला कधीही जोडू नका. पेडल सोडताच तिथे इतका निर्वात दाब तयार होतो की नळीतले सगळे पाणी इंजिनात ओढले जाईल.

मॅनिफोल्डमधला दाब स्कॅनरवर वाचावा. इंजिन बंद आणि इग्निशन चालू असताना मॅप सेन्सर वातावरणाचा दाब, म्हणजे सुमारे १०० किलोपास्कल दाखवतो. चढावर पूर्ण पेडलला तोच सेन्सर ९६ दाखवत असेल, तर हवेच्या संपूर्ण मार्गात मिळून चार किलोपास्कल गेले. त्यांपैकी किती फिल्टरपर्यंत गेले हे पाण्याच्या नळीने आधीच सांगितलेले असते, उरलेले पुढच्या होजमध्ये आणि थ्रॉटलमध्ये. या दोन आकड्यांनी वाद मिटतो. मॅनिफोल्डमध्ये ९७-९८ मिळत असतील आणि तरीही गाडी ओढत नसेल, तर दोष हवेच्या मार्गात नाही, तो दुसरीकडे शोधावा.

माझ्या अनुभवात या पट्ट्यातल्या गाड्यांचा पहिला संशयित फिल्टरच असतो. तळोजा आणि तुर्भे परिसरातली धूळ, उरणकडच्या बंदराच्या रस्त्यांवरची अवजड वाहतूक आणि पावसाळ्यातली दमट हवा या तिन्हींचा मारा कागदी फिल्टरवर होतो. ओला झालेला कागद फुगतो आणि त्यावर बसलेल्या बारीक धुळीचा थर गाळासारखा घट्ट होतो. त्यावर उपाय म्हणून पंक्चरच्या दुकानात बाहेरून जोरात हवा मारली जाते किंवा फिल्टर टायरवर आपटला जातो. असे केल्याने धूळ कागदात आणखी रुतते, घड्या फाटतात आणि न दिसणाऱ्या छिद्रांतून धूळ थेट लायनर-रिंगपर्यंत पोहोचते. गाडी काही दिवस बरी ओढते, कारण हवा आता गाळली न जाताच आत शिरत असते. हे सुख फार महागात पडते. आतला छोटा सेफ्टी फिल्टर तर कधीही साफ करून वापरू नये, तो बदलायचाच असतो.

दुसरा संशयित म्हणजे गरम हवा. टिल्ट होणाऱ्या कॅबिनच्या ट्रकमध्ये हवा कॅबिनमागच्या उंच स्नॉर्केलमधून येते आणि कॅबिन व चॅसिस यांच्या सांध्यावर एक रबरी बेलो असतो. कॅबिन वरचेवर उचलून हा बेलो फाटतो किंवा नीट बसत नाही आणि इंजिन बाहेरच्या ३५ अंशांच्या हवेऐवजी स्वतःच्याच अंगाची तापलेली हवा घेऊ लागते. हवेचे तापमान दहा अंशांनी वाढले की तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी कमी होते, म्हणजे थ्रॉटल मोठी करून मिळणाऱ्या लाभाच्या कित्येक पट नुकसान एका फाटक्या रबराने होते. कॅबिन उचलून बेलोवरून हात फिरवायला दोन मिनिटे लागतात, तरीही ही तपासणी बहुतेक ठिकाणी होत नाही.

तिसरा संशयित फसवा आहे. फिल्टरकडून थ्रॉटलकडे जाणारा रबरी होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण तेलाच्या वाफेने त्याचा आतला थर सुटलेला असतो. उभ्या गाडीत, आयडलिंगला काहीच कळत नाही. पूर्ण ओढीला मात्र सुटलेला थर पडद्यासारखा आत झुकतो आणि अर्धी वाट बंद करतो. पेडल सोडले की तो पुन्हा भिंतीला चिकटतो. खडीची वाहतूक करणाऱ्या एका ट्रकमध्ये फिल्टर नवा, प्लग नवे, स्कॅनरवर एकही कोड नाही, आणि तरीही मॅनिफोल्डमध्ये ९० च्या वर आकडा जात नव्हता. होज काढून आत बोट घातल्यावर वरचा काळा थर सालीसारखा हाताला लागला. होज आणि दोन क्लिपा बदलल्यावर गाडीची तक्रार संपली. होजच्या आतून बोट फिरवल्याशिवाय तो चांगला आहे असे म्हणू नये.

हवेबाहेरची कारणेही थोडक्यात नोंदवतो. सीएनजी इंजिनात व्हॉल्व्ह सीट झिजत गेल्या की टॅपेटचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचे) अंतर कमी होत जाते, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन सुटते, म्हणून टॅपेट सेटिंग वेळापत्रकाप्रमाणेच करावे. स्पार्क प्लगचे अंतर वाढलेले असेल तर मिसफायर आधी चढावर जाणवतो. भरण्याच्या पंपावरील कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबर येऊन गॅस फिल्टर आणि इंजेक्टर चिकट करते. रेग्युलेटरचा दाब ओढीच्या वेळी पडतो का, हे स्कॅनरवर पाहावे. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून वितळून किंवा तुटून बसला असेल तर इंजिनाला श्वास सोडताच येत नाही. अशा इंजिनात आत कितीही हवा ढकलण्याचा प्रयत्न केला तरी व्यर्थ आहे.

थ्रॉटल बॉडी मोठी करू नये, पण ती स्वच्छ जरूर करावी. क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ आणि धूळ मिळून पाकळीच्या कडेला तपकिरी-काळी वर्तुळाकार कड साचते. त्यामुळे आयडलिंग बिघडते आणि पेडल सुरुवातीला अडखळते. साफ करताना बॅटरीची जोडणी काढावी, थ्रॉटल बॉडी खाली उतरवावी, थ्रॉटल क्लीनर मऊ कापडावर घेऊन बोअर आणि पाकळीची कड पुसावी. दांडीच्या बेअरिंगवर आणि मोटरच्या बाजूला फवारा मारू नये. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश आणि स्क्रू ड्रायव्हर दूर ठेवावेत, कारण तो लेप त्यांनीही निघतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने जोर लावून उघडू नये, तिच्यामागे प्लास्टिकचे छोटे गिअर असतात. गॅस्केट नवे घालावे आणि जोडणी झाल्यावर स्कॅनरने थ्रॉटलचे लर्निंग करून घ्यावे. लर्निंग न केल्यामुळे स्वच्छ केलेली गाडी आधीपेक्षा वाईट चालते आणि दोष साफसफाईला दिला जातो.

डिझेल ट्रकबद्दल. डिझेल इंजिनाची ताकद हवा अडवून नव्हे, तर इंधनाचे प्रमाण बदलून नियंत्रित होते. त्यामुळे जुन्या डिझेल ट्रकमध्ये थ्रॉटल नव्हतीच. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नंतर अनेक इंजिनांत इनटेक मार्गात एक पाकळी दिसू लागली. ती ओढीच्या वेळी पूर्ण उघडी असते. तिचे काम ईजीआरचा (इंजिनात परत सोडल्या जाणाऱ्या एक्झॉस्टचा) प्रवाह वाढवणे, डीपीएफच्या (एक्झॉस्टमधल्या काजळीच्या फिल्टरच्या) रिजनरेशनसाठी, म्हणजे साचलेली काजळी जाळण्यासाठी, एक्झॉस्टचे तापमान चढवणे आणि इंजिन बंद करताना धक्का कमी करणे हे आहे. ती मोठी करून किंवा काढून टाकून ताकद वाढत नाही. रिजनरेशन मात्र अपुरे राहते, डीपीएफमध्ये काजळी साचते आणि मागचा दाब वाढून इंजिन गुदमरते. ईजीआरच्या काजळीने ही पाकळी चिकटली असेल तर ती साफ करावी आणि इंटरकूलरच्या होजवर साबणाचे पाणी लावून बूस्टची (टर्बोने दाबलेल्या हवेची) गळती शोधावी. डिझेलमध्ये ओढ कमी होण्याचे कारण बहुधा तिथे सापडते.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेले रेट्रोफिट करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. वॉरंटी हातची जाते, आणि अपघातानंतर विमा कंपनीला वाद घालायला निमित्त मिळते. व्यावसायिक वाहनाला फिटनेससाठी पुन्हापुन्हा आरटीओसमोर उभे राहायचे असते, हे विसरून चालणार नाही.

आपल्या सीएनजी ट्रकसाठी मी असा क्रम सुचवतो. आधी बेलो, होज आणि फिल्टर हाताने तपासा. मग भरलेल्या गाडीवर पाण्याच्या नळीचा आणि मॅप सेन्सरचा आकडा घ्या. आकडे चांगले निघाले तर टॅपेट, प्लग, गॅसचा दाब आणि कन्व्हर्टर याच क्रमाने पाहा. तपासणीसाठी कोणत्याही गॅरेजमध्ये जाताना गाडी रिकामी नेऊ नका. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर आपला दोष दाखवत नाही, आणि मग मेकॅनिक अंदाजाने भाग बदलत राहतो.